फरशीपासून एक फूट

कुत्र्याच्या पिल्लानं पुढचा एक पाय उंबऱ्यावर ठेवला, आत वाकून पाहिलं आणि पाय मागे घेतला.

मी कॉटच्या कडेला बसले होते. डाव्या हातात दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर वही. उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत सहा फूट दोन इंच. सकाळीच टेप लावून फरशीवर अर्ध्या-अर्ध्या फुटावर खडूच्या रेघा मारल्या होत्या. पिल्लू त्यातल्या एकाही रेघेपर्यंत आलं नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हतं. त्याची नजर माझ्या पायांच्या डावीकडे, कोपऱ्यात, फरशीपासून साधारण फूटभर उंचीवर खिळली होती. तिथे काहीही नव्हतं.

"कशाला मोजालीस त्येला?" बाहेर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आक्कांनी विचारलं. "कापड हाय का त्ये?"

मी सांगितलं, त्याचा माझ्यावर किती विश्वास बसलाय ते मोजतेय. जनावर आपल्यापासून किती अंतरावर थांबतं, त्यावरून ते कळतं.

आक्कांनी शेंग फोडली. "आमचे मालक चाळीस वर्षांत सा फुटापतुर आल्ते. मग गेले."

महादेवीआक्का बिराजदार माझ्या घरमालकीण. साठी ओलांडलेल्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, चालणं ताठ. मंगळवेढ्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीकडे करजळ्ळी नावाचं हे गाव. चहूकडे काळी माती आणि त्यावर मैलोगणती ज्वारी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्यात विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर लागले होते. रब्बीच्या चार महिन्यांत गावातलं तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचला टिपायचा. वायुभारमापक आक्कांच्या ओट्याच्या भिंतीवर लावलेला. राहायला त्यांनी त्यांची जुनी धान्याची खोली दिली होती.

खोली अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. उंबरा चांगला वीतभर उंच, खाली शहाबादी फरशी, छताजवळ एक झरोका. दुसरी खिडकी नाही. भर दुपारीही थंड राहते, म्हणून मला आवडली. खोली देताना आक्कांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, खाली अंथरूण घालून झोपायचं नाही. त्यासाठी त्यांनी स्वतः लोखंडी कॉट आणवली. दोन, रोज दिवेलागणीला कोपऱ्यात फरशीवर एक पणती लागेल, तिला हात लावायचा नाही.

"पणती कुणासाठी?" मी विचारलं होतं.

"मामंजींसाठी. माझे सासरे. त्ये हितंच गेले." आणि मग, मी पुढे काही विचारायच्या आत, "पणती इझली की समजायचं, जागे हायत. त्या दिशी आत यायचं न्हाई. सासूबाईंचा नेम हाय."

कधी कधी पणती विझायची. एकदा माझ्या डोळ्यांदेखत विझली. वारा नव्हता. ज्योत लहान झाली नाही की फडफडली नाही. ती वातीपासून सुटल्यासारखी थोडी वर उचलली गेली, क्षणभर तशीच अधांतरी राहिली आणि नाहीशी झाली. मी काडी ओढली. काडी पणतीजवळ नेता नेता विझली. दुसरी ओढली, तीही विझली. अंगावर काटा आला आणि मला स्वतःचा राग आला. दुसऱ्या दिवशी आक्कांना म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना पायऱ्या उतरायचा त्रास कशाला, पणती मीच लावत जाईन. आणि पणती फरशीवरून उचलून भिंतीतल्या कोनाड्यात, माझ्या खांद्याच्या उंचीवर ठेवली. तिथे ती कधीच विझली नाही. दाराच्या फटीतून येणारी झुळूक, असं मी वहीत लिहिलं. मोजून पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं.

कार्तिकाच्या सुरुवातीला एक मेंढरांचा कळप गावावरून गेला आणि हे पिल्लू मागं राहिलं. जेमतेम दोन महिन्यांचं, मागचा पाय जरा ओढणारं, रंग राळ्याच्या दाण्यासारखा पिवळट. आक्कांनी त्याला राळ्या म्हणायला सुरुवात केली. मीच त्याला ठेवून घेऊ या म्हणून मागे लागले. त्या गावात माझ्याशी बोलणारी माणसं पुष्कळ होती, पण मला सोबत हवी होती, आणि ती मी कुणाकडे मागितली नसती.

अडचण एकच होती. आदल्या वर्षी आक्कांनी पाळलेलं पिल्लू गावातल्या कुत्र्यांच्या टोळीनं पहाटे दारातच फाडलं होतं. अंधार पडायच्या आत राळ्या बंद दाराआड असायला हवा होता. आक्कांच्या घरात कुत्र्याला मज्जाव. आत देव्हारा, सोवळं, शिवाय त्यांच्या गळ्यातलं लिंग. तोवर रात्री त्याला ओट्यावर डालग्याखाली झाकून वर दगड ठेवत होतो. पण डालगं जुनं होतं आणि राळ्या रोज वाढत होता. आक्कांचा मुलगा शरणप्पा शेतातून आला की डालग्याला पायानं हलवून बघायचा. शेवटी त्यानं मुदत दिली.

"येळवसपतुर तुमच्या खोलीत झोपायला लागलं तर ऱ्हाऊ द्या, म्याडम. न्हाईतर मी वस्तीवर नेतो. तितं लांडगं हायत, पण निदान आपल्या दारात तर नको."

येळवस म्हणजे वेळअमावस्या. पाच आठवडे होते.

मी ते काम प्रयोगासारखं अंगावर घेतलं. रोज संध्याकाळच्या नोंदीनंतर तीन जागी बसायचं. अंगणातल्या लिंबाखाली, ओट्यावर आणि खोलीत. प्रत्येक जागी दहा मिनिटं. तोच हात, तीच भाकरी, आवाज न करता. राळ्या सर्वांत जवळ येऊन थांबेल ते अंतर टिपायचं.

लिंबाखाली तो चौथ्या दिवशी माझ्या हातातून खाऊ लागला. दहाव्या दिवशी मांडीवर चढून झोपला. कानामागं खाजवलं की मागचा दुखरा पाय हवेत हलवायचा. ओट्यावरही हळूहळू जवळ आला. खोलीत मात्र उंबऱ्याच्या आत एक पाऊलसुद्धा नाही. आणि तेही रोज सारखं नव्हतं. काही दिवशी तो उंबऱ्यावर पोट टेकून, मान आत घालून दूध प्यायचा. काही दिवशी अंगणाच्या मध्यावरूनच वळायचा, शेपूट पोटाखाली घालून. मी साबण बदलला. फरशी फिनाईलनं पुसली. मग वाटलं, फिनाईलचाच वास असेल, म्हणून चार वेळा साध्या पाण्यानं पुसली. फरशी पुसताना रोज सकाळी मेलेले रातकिडे सापडत. झुरळं, एखादी पाल, पाय वर करून. भिंतीवरच्या पाली मात्र धडधाकट होत्या. मी ते सगळं सुपलीत भरून बाहेर टाकत असे. सकाळी माझं डोकं जड असायचं. चष्म्याचा नंबर वाढला असावा असं वाटलं.

एकदा आक्का दाराशी उभ्या असताना राळ्या उंबऱ्यापाशी आला आणि कोपऱ्याकडे बघत गुरगुरला. एवढ्याशा जिवातून तो आवाज कसा निघाला कोण जाणे. आक्का हात जोडून म्हणाल्या, "मामंजी, लेकरू हाय. ऱ्हाऊ द्या."

"आक्का, तिथे कोणी नाही," मी म्हटलं.

"तुला दिसत न्हाई म्हणून?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या त्या घड्याळात वारा दिसतो, तो तरी मला कुठं दिसतो."

घड्याळ म्हणजे वायुभारमापक. त्यांच्या त्या बोलण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. त्या संध्याकाळी मी राळ्याच्या अंतरांची यादी आणि दाबाची यादी शेजारी शेजारी ठेवली. ज्या दिवशी दाब चढलेला, त्या दिवशी राळ्या उंबऱ्यावर. ज्या दिवशी दाब उतरलेला, त्या दिवशी अंगणाच्या मध्यावर. सव्वीस दिवसांपैकी तेवीस दिवस ते जुळत होतं. मी आलेखाचा कागद काढला, ठिपके मांडले, आणि ठिपके एका तिरक्या पट्ट्यात आले. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही झाला नव्हता. माझी भाकरी, माझा साबण, माझं चुपचाप बसणं, कशाचाच संबंध नव्हता. कुत्र्याच्या कानाला दाबातला फरक जाणवत असणार. बंद खोलीत तो जास्त जाणवत असणार. म्हणजे राळ्याला माझी भीती नव्हती, कोपऱ्यातल्या कुणाची तर नव्हतीच. कानाला जरा त्रास होत होता, एवढंच. आणि त्रास होऊनही काही वाईट घडत नाही, हे त्याला एकदा कळलं की झालं.

आलेख खरा होता. तो अजून माझ्याकडे आहे.

वेळअमावस्येच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. बंगालच्या उपसागरात वादळ होतं. आठच्या नोंदीत दाब त्या हंगामातला सर्वांत कमी दिसला, आणि काटा अजून खाली येत होता. राळ्यानं ओट्यावरसुद्धा पाय ठेवला नाही. मला वाटलं, यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही. सगळ्यात वाईट दिवशी तो आत राहिला तर रोजच राहील. शिवाय मुदत त्या दिवशी संपत होती.

येळवसला गावात कोणी राहत नाही. सकाळी दहापर्यंत बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, जे मिळेल त्यानं सगळे आंबिलाची मडकी आणि भज्जीच्या, म्हणजे मिसळ भाजीच्या, दुरड्या घेऊन रानात गेले. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात पांडवांची पूजा होते, मग सगळे मिळून जेवतात. आक्का मला घेऊन जायला थांबल्या होत्या. मी म्हटलं, माझं थोडं काम आहे, दोनपर्यंत येते. त्यांनी राळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज अमुश्या हाय," त्या म्हणाल्या. "आत बसू नगंस."

मी बरं म्हटलं.

बाराच्या पुढे गाव इतकं शांत झालं की लिंबाचं पान पडलेलं ऐकू येत होतं. एकही कुत्रं नव्हतं. तीसुद्धा जेवणाच्या वासानं रानात गेली होती. मी लिंबाखाली बसले. राळ्या मांडीवर आला. मी त्याला उचललं, त्यानं उचलू दिलं. हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली. पायऱ्यांपाशी त्याचं अंग ताठ झालं. मी दुसऱ्या हातानं त्याचे डोळे झाकले, आत गेले, दार लावून कडी घातली, त्याला फरशीवर ठेवलं आणि कॉटवर पाय वर घेऊन बसले. वही उघडली.

चौदा वर्षं झाली. पण त्या पानावरच्या नोंदी मला पाठ आहेत.

बारा चाळीस: आत ठेवलं. बारा एकेचाळीस: दार खरवडतंय, ओरडतंय. बारा त्रेचाळीस: कॉटवर चढायचा प्रयत्न. खाली ठेवलं. बारा चव्वेचाळीस: पुन्हा कॉटवर चढायचा प्रयत्न. खाली ठेवलं.

मी वाचलं होतं की भ्यालेल्या जनावराला त्या क्षणी उचलून घेतलं तर त्याची भीती पक्की होते. म्हणून मी त्याला उचललं नाही. दुसऱ्यांदा तो कॉटच्या पायाला धरून मागच्या पायांवर उभा राहिला आणि नाक होईल तितकं वर करून माझ्याकडे पाहत राहिला. त्या पाच आठवड्यांत त्या खोलीत त्यानं माझ्याकडे पाहिलेली ती पहिली वेळ. मी त्याचे पंजे सोडवले आणि त्याला फरशीवर बसवलं. शाबास, म्हटलं.

बारा पंचेचाळीस: बसला. ओरडणं बंद. बारा सत्तेचाळीस: आडवा झाला. शांत.

"शांत" या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या.

राळ्या माझ्या कॉटखालच्या फरशीवर कुशीवर पडला होता, डोळे अर्धे मिटून. मी हाक मारली तेव्हा शेपटीचं टोक एकदा हललं. मला खरोखर भरून आलं. वाटलं, आता त्याच्या पातळीवर जावं, त्याच्याजवळ पडावं, आणि तो उठला की पहिल्यांदा माझा चेहरा दिसावा. मी कॉटवरून उतरले, फरशीवर पालथी झाले आणि गाल त्याच्या नाकाजवळ टेकवला.

पहिल्या श्वासाला नाकात झिणझिण्या आल्या. गोटी सोड्याची बाटली फोडून घाईनं तोंडाला लावली की नाकात चढतं, तसं. वास काही नव्हता. किंचित आंबूस, एवढंच. दुसरा श्वास माझा मी घेतला नाही, तो छातीनं आपणहून ओढून घेतला. तिसरा त्याहून खोल. जितका श्वास घेत होते तितका कमी पडत होता. कानात धडधड सुरू झाली. समोर, एका वितीवर, राळ्याचं पोट हलत नव्हतं.

मी कॉटला धरून उठले. त्याला मानेला धरून उचललं, त्याचं डोकं लोंबलं. कडी लवकर सापडेना. कोनाड्यात पणती सरळ, स्वच्छ जळत होती. सणाचा दिवस म्हणून मी ती सकाळीच लावली होती. दार उघडलं, उंबऱ्याला अडखळून पायऱ्यांवर पडले, आणि तशीच रांगत अंगणात आले.

मी ओरडले. आक्का, शरणअण्णा, कोणीतरी. सगळी दारं कुलूपबंद होती. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून परत आल्यासारखा वाटला.

मग मी त्याचं नाक आणि तोंड माझ्या तोंडात धरलं आणि फुंकर घातली. छाती फुगली, बसली. पुन्हा फुंकर. त्याच्या जिभेला भाकरीची चव होती. बोटांनी बरगड्या दाबल्या, त्या काडीसारख्या होत्या. पुन्हा फुंकर. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. हातात घड्याळ होतं, मी पाहिलं नाही. कधीतरी त्याच्या घशातून ओली उचकी आली, मग दुसरी, मग त्यानं माझ्या हातावर ओकून टाकलं आणि श्वास घेतला.

मी त्याला छातीशी धरायला गेले. राळ्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढत माझ्यापासून दूर गेला. लिंबाच्या पलीकडे, भिंतीपर्यंत. तिथे पाठ टेकून थरथरत उभा राहिला.

आक्का अडीचला आल्या, माझ्यासाठी भज्जी-भाकरी बांधून, मी आले नाही म्हणून चिडून. अंगणात येताच त्यांना सगळं दिसलं. उघड्या दारापर्यंत गेल्या, आत न उतरता कोनाड्याकडे पाहिलं.

"पणती वर कुणी ठेवली?"

"मी."

"कधी?"

"तीन महिने झाले."

आक्का पायरीवर बसल्या. मी विचारलं, मामंजी कसे गेले. या वेळी त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन यायच्या आधीचा दुष्काळ. खोलीखाली पेव होतं. जमिनीत खणलेला, माणूस उतरेल एवढ्या तोंडाचा ज्वारीचा खोल साठा. घरात दाणा उरला नव्हता, म्हणून मामंजींनी पेव उघडलं. रीतीप्रमाणे आत कंदील सोडला, तो विझला. म्हणजे पेवात वाफ होती, जीव घेणारी. एक दिवस उघडं ठेवून मग उतरायचं. पण लेकरं भुकेली होती. ते उतरले आणि वर आले नाहीत. घरच्यांनी प्रेत काढलं, आतल्या ज्वारीला हात लावला नाही, तोंडावर दगड ठेवला, वर फरशी घातली. त्या दिवसापासून सासूबाई तिथे रोज पणती लावू लागल्या. फरशीवर.

"बंद पेवाचं काय भ्याव, म्हणून कुणी इचार केला न्हाई," आक्का म्हणाल्या. "सासूबाईनी सांगितलं, इझली की आत जायचं न्हाई. का, त्ये मी इचारलं न्हाई. तूबी न्हाई."

पुढचं सगळं समजायला सोपं होतं. त्या वर्षी परतीचा पाऊस फार झाला होता, पाणी झिरपून जुनी ज्वारी आंबत होती आणि तिच्यातून हवेहून जड कार्बन डायऑक्साइड सुटत होता. दुसऱ्या दिवशी मी दोरीला मेणबत्ती बांधून खोलीत सोडली. गुडघ्यापर्यंत नीट जळली. फरशीपासून एक फुटावर ज्योत वातीवरून उचलली गेली. त्याखाली विझली. बाहेरचा दाब उतरला की पेव श्वास सोडल्यासारखं तो वायू वर सोडत होतं, आणि उंच उंबऱ्याआड तो हौदातल्या पाण्यासारखा साचत होता. मी कॉटवर, त्याच्या काठावर झोपत होते. शरणप्पानं चौघांना घेऊन फरशी उखडली. तोंडावरचा दगड तडकला होता. फटीत करंगळी जाईल एवढी जागा. त्यांनी दोन दिवस दार सताड उघडं ठेवलं, मग पेव मुरुमानं भरलं आणि उंबरा फोडून टाकला.

राळ्याला वस्तीवर न्यायची गोष्ट शरणप्पानं पुन्हा काढली नाही. जुनं डालगं तोवर मोडलं होतं. पहिल्या संध्याकाळी आक्का उठल्या, राळ्याला काखेत मारलं आणि सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. शरणप्पा बघतच राहिला. "लिंगाला सांगितलंय मी," आतून आवाज आला, "चार दिस डोळं झाक म्हणून."

चाराचे अकरा दिवस झाले. मी ओट्यावर झोपत होते. राळ्या आक्कांच्या पायांत घोटाळायचा, शरणप्पाच्या ताटापाशी बसायचा, अगदी पोस्टमनच्या पिशवीत तोंड घालायचा. माझी चाहूल लागली की उठून जायचा. गुरगुरायचा नाही, शेपूट घालायचा नाही. फक्त जायचा. मी त्याला बोलवायचं सोडून दिलं. टेप विद्यापीठाच्या पेटीत ठेवून दिली. रात्री डोळा लागला की पंजे सोडवल्याचं स्पर्शासकट आठवायचं, आणि मी उठून बसायचे. आक्कांना ते दिसत होतं. ही मुलगी पुण्याला परत गेली तर बरं, असं त्या शरणप्पाला म्हणाल्याचं मी ऐकलं.

संक्रांतीच्या आधीच्या एका दुपारी, दोन-तीन रात्रींच्या जागरणानं, मी लिंबाखाली घोंगडीवर टेकले आणि तिथेच उताणी झोपून गेले. ऊन पायांवर होतं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आक्का तीळ निवडत होत्या.

जाग आली ती नाकावरच्या ओल्या गारव्यानं.

मी डोळे किलकिले केले. राळ्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर होता, इतका जवळ की नीट दिसत नव्हता. त्याचं नाक माझ्या नाकपुडीला टेकलं होतं. तो चाटत नव्हता, खेळत नव्हता. कान पुढे करून, पूर्ण एकाग्र होऊन तो माझा श्वास हुंगत होता. दचकून माझा श्वास आतल्या आत थांबला.

त्याबरोबर राळ्या बदलला. त्याच्या घशातून बारीक केविलवाणा सूर निघाला. त्यानं एक पंजा माझ्या ओठांवर ठेवला, मग दुसरा गळ्यावर, आणि नाकानं माझी हनुवटी वर ढकलू लागला. जोरानं, पुन्हा पुन्हा, वर. मी उठायला कोपर टेकवलं.

"हलू नगंस," आक्का लांबून हळूच म्हणाल्या. त्यांचे हात सुपात तसेच थांबले होते. "बघालाय त्यो."

काय, ते मी नजरेनंच विचारलं.

"तू हाईस का न्हाई, त्ये."

मी श्वास सोडला. तो त्याच्या नाकावर गेला. राळ्यानं थोडं थांबून पुढच्याची वाट पाहिली, तोही आला. मग त्यानं माझ्या गळ्याशी डोकं टेकवलं आणि हळूहळू, एकेक पाय करत, आपला सगळा भार माझ्यावर सोडून दिला.